तुरुंगाचे दार आणि पीडितांचे दार : ‘डेड मॅन वॉकिंग’चे पुनर्वाचन

तुरुंगसेवेविषयी ख्रिस्ती वाङ्मयात जे लेखन होते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. पहिला प्रकार साक्षीपर. त्यात गुन्हेगार आधी काळाकुट्ट असतो, मग कोणी सेवक पवित्र ग्रंथ घेऊन त्याच्या कोठडीपाशी जातो आणि शेवटच्या पानावर तो शुभ्र होऊन बाहेर पडतो. दुसरा प्रकार अहवालवजा. त्यात कैद्यांची संख्या, कायद्याची कलमे, शासनाकडे केलेल्या मागण्या असे सर्व काही असते. माणूस मात्र नसतो. पहिल्याने डोळे ओले होतात, दुसऱ्याने माहिती मिळते. परंतु रविवारच्या मिस्सानंतर एखाद्या तरुणाने येऊन विचारले, “फादर, मला तुरुंगसेवेत यायचे आहे, आधी काय वाचू?” तर यांपैकी कोणतेही पुस्तक त्याच्या हाती ठेवावे असे आम्हांस वाटत नाही. त्याला आम्ही सिस्टर हेलन प्रेजाँ यांचा ‘डेड मॅन वॉकिंग’ हा ग्रंथ देऊ.

हा ग्रंथ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि मृत्युदंडाविरुद्धचे पुस्तक म्हणून जगभर गाजला. त्याचे खरे मोल मात्र आमच्या मते दुसऱ्याच ठिकाणी आहे. कैद्याचा सांगाती होणे म्हणजे नेमके काय आणि त्या सोबतीची झळ कोणाकोणाला लागते, हे इतक्या प्रांजळपणे सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात नाही.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. लेखिका संत जोसेफच्या भगिनींच्या संघातील धर्मभगिनी. लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराच्या एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत त्या राहावयास गेल्या. तेथे १९८२ साली एका परिचिताने त्यांना विचारले की, मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एखाद्या कैद्याला पत्र लिहाल काय? त्यांनी होकार दिला. तो कैदी म्हणजे पॅट्रिक सॉनिये. १९७७ साली त्याने व त्याच्या धाकट्या भावाने एका तरुण जोडप्याला फसवून रानात नेले होते. मुलीवर अत्याचार झाला आणि दोघांचीही हत्या झाली. थोरल्याला मृत्युदंड मिळाला, धाकट्याला जन्मठेप. पत्रांमागून भेटी आल्या आणि भेटींतून त्याची आध्यात्मिक सल्लागार होण्याची जबाबदारी सिस्टरांकडे आली. ५ एप्रिल १९८४ रोजी अँगोला येथील तुरुंगात विजेच्या खुर्चीत पॅट्रिकचा अंत झाला, तेव्हा त्या समोर बसल्या होत्या. आपला चेहरा पाहत राहा, असे त्यांनी त्याला सांगून ठेवले होते. मारणाऱ्यांच्या गर्दीत एक तरी चेहरा प्रेमाचा असावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रॉबर्ट ली विली या दुसऱ्या कैद्यालाही त्यांनी अशीच अखेरपर्यंत सोबत केली.

या कथनाचा पहिला गुण असा की, त्याची सुरुवात फार लहान आहे. एक पत्र, एवढेच. कोणाचे परिवर्तन घडवण्याचा संकल्प सोडून लेखिका घराबाहेर पडत नाही. पॅट्रिकला भेटावयास कोणी येत नाही, म्हणून ती जाते. काचेपलीकडच्या किंवा जाळीपलीकडच्या माणसाशी काय बोलावे, हा प्रश्न तिलाही पडतो. मग जेवणाविषयी, बालपणाविषयी, रानातल्या शिकारीविषयी बोलणे होते. आपल्याकडे ‘मार्गदर्शक’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो आणि त्यात पुढे चालणारा एक व मागून येणारा दुसरा असे चित्र उभे राहते. सिस्टर प्रेजाँ पुढे चालत नाहीत. त्या शेजारी चालतात. मराठीत याला ‘सांगाती’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. मात्र शेजारी चालणे म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे, हेही ग्रंथ स्पष्ट करतो. पॅट्रिकशी स्नेह वाढत असतानाही लेखिका त्याच्या खटल्याची कागदपत्रे वाचते, त्या दोन मुलांचे काय झाले हे जाणून घेते, आणि ते जाणल्यावर तिला जो उबग येतो तोही लपवीत नाही.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा, आणि संपूर्ण ग्रंथाची रचना त्यावरच उभी आहे. पूर्वार्धात लेखिकेचे सारे लक्ष एकाच दाराकडे, तुरुंगाच्या दाराकडे आहे. मारल्या गेलेल्या मुलांच्या घरी ती गेलेली नाही. आपल्या येण्याने त्यांचे दुःख वाढेल असे तिला वाटते. दयेच्या अर्जाच्या सुनावणीला मृत मुलाचे वडील लॉइड लब्लाँ तिच्यासमोर येतात आणि विचारतात की, सिस्टर, तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत? लब्लाँ स्वतः कॅथोलिक. आपल्या चर्चची धर्मभगिनी आपल्या मुलाच्या मारेकऱ्याकडे जाते, पण आपला उंबरा ओलांडीत नाही, हे त्यांचे शल्य आहे. येथे पुस्तक कूस पालटते. उत्तरार्धात विलीने मारलेल्या मुलीचे सावत्र वडील व्हर्नन हार्वी यांचे दार लेखिका स्वतः ठोठावते आणि त्यांचा संताप ऐकून घेते. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये पीडितांच्या कुटुंबीयांसाठी तिने आधारगटही सुरू केला.

तुरुंगसेवेवरील बहुतेक लेखनात पीडित हा केवळ कथेचे निमित्त असतो. पहिल्या परिच्छेदात तो मरतो आणि पुन्हा दिसत नाही. या ग्रंथात पीडितांना नावे आहेत, घरे आहेत, राग आहे. आणि तो राग धर्माविरुद्ध आहे असे लेखिका कोठेही म्हणत नाही. हार्वी यांनी मृत्युदंड डोळ्यांनी पाहिला, तरी त्यांची तहान भागली नाही. लेखिका हे सांगते, पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपला मुद्दा जिंकत नाही. वादग्रस्त विषयावर लिहिताना हा संयम दुर्मिळ आहे.

या ग्रंथावर टिम रॉबिन्स यांनी १९९५ साली त्याच नावाचा चित्रपट काढला. सिस्टरांच्या भूमिकेसाठी सुसान सॅरंडन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि आपल्याकडील पुष्कळांना हा विषय पुस्तकापेक्षा चित्रपटामुळेच ठाऊक आहे. चित्रपट उत्तम आहे, याविषयी आमचे दुमत नाही. मृत्युदंडाचे दृश्य चालू असताना तो गुन्ह्याचे दृश्य दाखवीत राहतो. त्यामुळे प्रेक्षकाला कैद्याविषयी करुणा वाटत असताना त्या मुलांचा विसर पडत नाही. तथापि एका ठिकाणी तो ग्रंथापासून दूर जातो, आणि तो फरक तुरुंगसेवकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. चित्रपटात दोन्ही कैद्यांना मिळून मॅथ्यू पाँसले हे एकच पात्र केले आहे. अखेरच्या तासांत तो रडत आपला गुन्हा पूर्णपणे कबूल करतो. नाट्याला असा कळस लागतोच. ग्रंथात तसे घडत नाही. पॅट्रिक त्या रात्रीच्या दुष्कृत्यातील आपला वाटा मान्य करतो, परंतु गोळ्या आपण झाडल्या नाहीत, भावाने झाडल्या, असे सांगतो. भाऊही तेच सांगतो. मरताना पॅट्रिक लब्लाँ यांची क्षमा मागतो. सत्याचा शेवटचा धागा मात्र वाचकाच्या हाती येत नाही.

आम्हांस हा अपुरेपणाच अधिक खरा वाटतो. तुरुंगात जाणाऱ्या सेवकाला कळसाचा क्षण क्वचितच लाभतो. त्याला अर्धे खरे, अर्धे लपवलेले असेच ऐकावे लागते. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या धर्मगुरूला जे ऐकावयास मिळते, ते प्रापंचिक स्वयंसेवकाला मिळेलच असे नाही, आणि त्याने ते उकरून काढणे हे त्याचे काम नव्हे. अश्रू आले तरच भेट सफळ झाली, असे मानणारा सेवक काही महिन्यांतच निराश होऊन घरी बसतो. चित्रपट पाहून सेवेस निघणाऱ्याने त्यानंतर ग्रंथ अवश्य वाचावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

ग्रंथ निर्दोष आहे असे मात्र नाही. कथन रंगात आले असता मध्येच कायद्याची व आकडेवारीची लांबलचक प्रकरणे येतात. अमेरिकेबाहेरच्या वाचकाला ती जड जातील. तुरुंगातील वृद्ध धर्मगुरूचे चित्रण आम्हांस एकांगी वाटले. शासनाच्या व्यवस्थेत राहून संस्कार पुरवणारा हा पुरोहित केवळ नियमांवर बोट ठेवणारा म्हणून येतो. वर्षानुवर्षे त्या भिंतींआड राहून त्याच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न लेखिकेने विचारावयास हवा होता. तिसरी उणीव विषयाच्या निवडीतूनच आली आहे. हे पुस्तक मरणाच्या दारातील माणसांचे आहे. जो कैदी दोन वर्षांनी सुटून आपल्याच गावात परत येणार आहे, ज्याला काम व भाड्याची खोली कोणी देणार नाही, त्याच्याविषयी ते फारसे बोलत नाही.

या ठिकाणी आपल्या देशातील एका घटनेची आठवण करणे उचित होईल. सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात आदिवासींमध्ये काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासी बसमध्ये त्यांची भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदरसिंग याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या धर्मगुरूंनी तुरुंगात जाऊन त्याच्याशी संबंध जोडला, आणि २००२ साली राणी मारियांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात त्याच्या मनगटावर राखी बांधली. २००६ साली तो सुटला. पुढे केरळमध्ये जाऊन त्याने राणी मारियांच्या आईवडिलांची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया धन्यवादित घोषित झाल्या.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे प्रेजाँ यांच्या ग्रंथाचा अर्थ अधिक उलगडतो. लुईझियानात तुरुंगाचे दार एकीकडे होते आणि पीडितांचे दार दुसरीकडे. मध्ये येरझारा घालणारी एक धर्मभगिनी होती. इंदूरला पीडितांच्याच घरातील माणूस उठून तुरुंगाच्या दाराशी गेला. तरीही तेथे वाट तयार करणारा कोणीतरी लागलाच. पीडितांनी क्षमा करावी असे फर्मान काढण्याचा अधिकार कोणाही सेवकाला नाही. त्याने वाट झाडून ठेवावी आणि थांबावे. सेल्मी पॉल यांच्या राखीआधी सात वर्षे गेली होती, हे विसरता कामा नये.

आता आपल्या घरचे पाहू. १९८१ साली केरळमधील गुरुविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही चळवळ आज देशभर पसरली आहे. अनेक धर्मग्रामांतून नाताळच्या सुमारास केक, साबण व टॉवेल घेऊन मंडळी तुरुंगात जातात, कॅरल गातात, फोटो काढतात. हे चांगलेच आहे. परंतु जानेवारी उजाडला की पुढचा नाताळ येईपर्यंत त्या बराकींची आठवण कोणी काढीत नाही. २०२२च्या शासकीय आकडेवारीनुसार भारतातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. कित्येकांना जामीन मिळूनही जामीनदार नसतो. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असल्यास, काही अपवाद वगळता, त्याच्या सुटकेची तरतूद आहे. हे कैद्याला सांगणार कोण? त्याच्या गावी पत्र लिहिणार कोण? मुलाखतीच्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या आईला एस.टी.ने घेऊन जाणार कोण? प्रेजाँ यांच्या पहिल्या पत्राचा मराठी अनुवाद करावयाचा तर तो अशाच कामांतून करावा लागेल.

आणि दुसऱ्या दाराचे काय? ज्याच्या घरी खून पडला, ज्याची मुलगी नासवली गेली, ते कुटुंबही बहुधा कोणत्या तरी वाडीत, आळीत, कदाचित आपल्याच धर्मग्रामात राहत असते. तुरुंगसेवेच्या मंडळांनी कैद्यांची यादी करावी तशी या घरांचीही करावी. अंत्यविधीनंतर आठ दिवस माणसे येतात, मग खटल्याच्या तारखांना त्या बापाला एकट्यालाच कोर्टात जावे लागते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात बंदिवानाच्या भेटीची जी शिकवण आहे, ती या बापाकडे पाठ फिरवून पाळता येत नाही.

ग्रंथाच्या अखेरीस सिस्टर प्रेजाँ पहाटेच्या अंधारात लॉइड लब्लाँ यांच्यासोबत एका चॅपेलमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर प्रार्थनेस बसतात. मुलाचा देह ओळखावयास गेले, तेव्हाच लब्लाँ यांनी प्रभूची प्रार्थना म्हणत मारेकऱ्याला क्षमा केली होती. पण ती क्षमा एकदाच करून भागली नाही. मुलाचा वाढदिवस येतो, न पाहिलेली सून आठवते, न झालेली नातवंडे आठवतात, आणि ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. क्षमेविषयी आम्ही गुरुविद्यालयात पुष्कळ शिकलो, प्रवचनेही पुष्कळ दिली. पण ती रोजच्या भाकरीसारखी रोज मागावी लागते, हे या साध्या बापाच्या चरित्राइतके स्पष्ट आम्हांस अन्यत्र दिसले नाही.

पुस्तक लिहिले गेले तेव्हा मृत्युदंड क्वचित प्रसंगी मान्य करणारी कलमे चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात होती. १९९७च्या सुधारणेने ती अधिक आवळली आणि २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. तो वाद आता आपल्यापुरता निकालात निघाला आहे. ग्रंथाचे दुसरे काम मात्र शिल्लक आहे. इंग्रजी वाचू शकणाऱ्यांनी हा ग्रंथ वाचून इतरांना मराठीत सांगावा. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, तुरुंगसेवा रविवारच्या निमित्ताने, धर्मग्रामातील युवकांनी व संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाने त्याचे सामूहिक वाचन ठेवावे, आणि वाचन संपल्यावर दोन पत्रे लिहावीत : एक तुरुंगात, आणि एक त्या घरी, जेथे अजून कोणी गेलेले नाही.