रोजची गाडी आणि मुलांचे प्रश्न

मराठी बालवाङ्मयात आगगाडीला मानाचे स्थान आहे. मात्र ती गाडी सुटीची आहे. ग. दि. माडगूळकरांच्या बालगीताने ती मामाच्या गावाला नेली आणि आमच्या घरांतील दोन-तीन पिढ्यांच्या मनात ती तेथेच थांबली. वडील रोज सकाळी ज्या गाडीने कामावर जातात आणि रात्री थकून परततात, ती गाडी मुलांच्या वाचनात उशिरा आली, आणि आली तीही माहितीपर लेखाच्या वेशात. मुंबईच्या लोकलवरचे असे लेख आम्ही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून व छोट्या पुस्तिकांतून बरेच वाचले. त्यांचा विचार बडोद्यात बसून करण्याचे कारण असे की, आमची मुले दादर-डोंबिवलीच्या आप्तांकडे जातात तेव्हाच ही गाडी पाहतात. मुंबईच्या मुलाच्या जे सहज अंगवळणी पडते, ते आमच्या मुलाला सांगावे लागते.

ह्या लेखांची मांडणी बहुधा ठरलेली असते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, तोफांची सलामी. आणि तेथून एकदम आजची गर्दी व 'जीवनवाहिनी' हा शब्द. तारखा खऱ्याच आहेत. पण ती गाडी समारंभाची होती. ती रोजची कशी झाली, हा मुलाचा प्रश्न तसाच राहतो. आकडे भरले की टिपणी वजनदार दिसते, हे आम्ही सरकारी चाकरीत पुष्कळ पाहिले. मुलांना त्या वजनाशी कर्तव्य नसते.

मूल विचारते ते असे : ह्या गाडीला इंजिन कोठे आहे? चर्चगेटला शिरलेली गाडी न वळता उलट कशी निघते? उत्तर अवघड नाही. लोकलला वेगळे इंजिनच नसते. बारा डब्यांच्या नेहमीच्या गाडीत चार डबे मोटारींचे असतात व त्यांची चाके वरच्या तारेतील विजेवर फिरतात. ओढण्याचे काम असे वाटून दिल्यामुळे गाडी चटकन वेग घेते. दर दोन-चार मिनिटांनी थांबायचे व पुन्हा निघायचे, तर हे हवेच. चालकाची खोली दोन्ही टोकांना असते. मोटरमनने ह्या टोकाचे काम संपविले की दुसरे टोक पुढचे होते. वाफेच्या इंजिनाला शेवटच्या स्थानकावर सुटून, फिरून दुसऱ्या टोकाला जोडून घ्यावे लागे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली तिचे महत्त्व येथे आहे. हे कारण न सांगता नुसती तारीख दिली, तर ती परीक्षेपुरतीच उरते. आणि हे सारे पडताळण्यासाठी मुंबईलाच जावयास हवे असे नाही. मकरपुऱ्याच्या फलाटावर थांबणाऱ्या मेमूलाही वेगळे इंजिन नसते.

इतिहासाचेही तसेच. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया' ह्या कंपनीचे रूळ दक्षिण गुजरातेत प्रथम पडले, १८६१ मध्ये बडोद्यास पोचले आणि मुंबईत ग्रँट रोडला १८६४ मध्ये. कारण मधल्या खाड्यांवर पूल व्हावे लागले. म्हणजे मुंबईच्या ज्या मार्गावर पुढे, १८६७ मध्ये, विरारहून स्थानिक गाडी सुरू झाली, तो मार्ग मुंबईआधी आमच्या गावी आला होता! बडोद्याच्या मुलाला ह्याहून चांगला आरंभ कोणता? पण लेखक मुंबईचे, त्यांना तो सुचत नाही.

आमच्याकडील लेखनही ह्या दोषातून मुक्त नाही. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई-मियागाम अरुंद गाडी झाली व ती बैल ओढीत, हे गमतीने लिहिले जाते. बैल का, ते लिहिले जात नाही. रूळ हलके होते, इंजिनाचे वजन त्यांना पेलण्यासारखे नव्हते. एवढे एक वाक्य घातले की गमतीचे ज्ञान होते.

भाषेविषयी एक तक्रार. काही लेखक अजून 'लोहमार्ग', 'विद्युत्‌चलित' असे शब्द मुलांपुढे ठेवतात. घरात मराठी आणि शाळेत गुजराती वा इंग्रजी, अशा मुलाला फलाट, रूळ, डबा, पास हे शब्द मिळाले तर तो पुढचे पान उलटेल. एरवी मराठी म्हणजे अवघड भाषा, असे त्याचे मत पक्के होईल. बडोद्यात हा धोका लहान नाही.

सर्वांत मोठी उणीव दरवाजाची आहे. साध्या लोकलचे दरवाजे धावतानाही उघडे असतात. ते बंद केले तर खच्चून भरलेल्या डब्यात हवा कोठून येणार, हा प्रश्न आहे. २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलचे दरवाजे आपोआप मिटतात, कारण तेथे हवेची सोय यंत्राने होते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलांच्या दारांतून प्रवासी खाली पडले व काहींचे प्राण गेले. त्यानंतर साध्या गाड्यांनाही मिटणारे दरवाजे, त्यांत हवेसाठी झडपा व छतावरून वारा, अशी योजना रेल्वेने जाहीर केली. हे मुलांना सांगू नये, त्यांना भीती वाटेल, असे काही सुज्ञ मंडळी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. मूल मावशीचा हात धरून त्याच दारातून आत शिरते, दाराशी लोंबकळणारी माणसे पाहते, आणि घरी आल्यावर विचारतेही. आमच्या वाचनात आलेल्या लेखांत गर्दीची चित्रे पुष्कळ आहेत, 'मुंबईकरांच्या जिद्दी'चे कौतुकही आहे. दार उघडे का, हे एकाही लेखात नाही.