फ्लॅप शस्त्रक्रियेच्या नियोजनात सोनोग्राफी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

इ.स. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका नाकदुरुस्तीचे वृत्त प्रसिद्ध झाले. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाची त्वचा खाली वळवून पुन्हा घडविले गेले होते. ते घडविणाऱ्या कारागिराकडे रक्तवाहिन्यांचा नकाशा नव्हता. देठ शाबूत राहिला तर त्वचा जगते, हे मात्र त्याला परंपरेने ठाऊक होते.

प्रश्न आजही देठाचाच आहे. १९८९ मध्ये कोशिमा व सोएदा या जपानी शल्यविशारदांनी पोटाचा स्नायू जागेवर ठेवून केवळ त्वचा व मेद उचलण्याची पद्धत मांडली. कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या अनेक स्त्रियांची पुनर्रचना पुढे याच मार्गाने झाली. येथे सारा फ्लॅप स्नायू भेदून वर येणाऱ्या एकदोन बारीक वाहिन्यांवर जगतो, आणि या वाहिन्यांची जागा व जाडी व्यक्तीपरत्वे बदलते.

त्या शोधण्यासाठी प्रथम पेन्सिलीसारखा छोटा डॉप्लर वापरात आला. तो वाहिनी दाखवीत नाही, ऐकवितो. त्यामुळे खालून आडवी जाणारी मोठी धमनीही परफोरेटर म्हणून खुणावली जाते. रंगीत डॉप्लर सोनोग्राफीने हा दोष बराचसा दूर केला. वाहिनीचा व्यास, प्रवाहाची दिशा व वेग, स्नायूतून बाहेर पडण्याचा नेमका बिंदू ही सारी माहिती किरणोत्सर्गाविना व रंगद्रव्याच्या सुईविना मिळते. सीटी अँजिओग्राफी संपूर्ण पोटाचा नकाशा एकत्र देते हे खरे. परंतु वाहते रक्त तिच्यात स्थिर चित्र होऊन राहते.

असे असले तरी या विषयावरील लेखनाविषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. खुणावलेला बिंदू शस्त्रक्रियेत खरा ठरला की नाही, यावरच पुष्कळदा यश मोजले जाते. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे : ही वाहिनी किती त्वचा जगवील? टेलर व पामर यांनी १९८७ मध्ये दाखविल्याप्रमाणे शेजारशेजारचे रक्तपुरवठ्याचे प्रदेश अरुंद वाहिन्यांनी जोडलेले असतात. त्या ऐनवेळी कितपत रुंदावतील, हे आदल्या दिवशीच्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. बिंदू अचूक आणि फ्लॅपची कड काळी, असेही घडू शकते.

दुसरी बाब हाताची. सोनोग्राफीचे फळ करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. अहवालातील ‘वाहिनी आढळली’ हे वाक्य शल्यविशारदाला अपुरे पडते. शस्त्रक्रियेच्या स्थितीतच रुग्णाला झोपवून त्याने स्वतः तपासणी करणे अधिक उपयुक्त ठरते. आपल्याकडे ही सूचना सोपी नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ च्या केंद्रीय कायद्याने सोनोग्राफी यंत्र, जागा व वापरणारी व्यक्ती यांवर नोंदणीचे बंधन घातले आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्येच केला होता. मुलींच्या घटत्या संख्येपुढे ते बंधन न्याय्यच आहे. मात्र परदेशी पद्धतींची शिफारस करणाऱ्या आपल्या लेखकांनी यंत्र कोणाच्या नावे नोंदवावे आणि ते कोणी हाताळावे, याचाही विचार त्याच लेखात करावयास हवा.