पन्नास वल्ह्यांचा हंस

एखादी वस्तू संग्रहालयात आली की तिचं काम संपलं, असं आपण गृहीत धरतो. बँकॉकमधलं राजनौकांचं संग्रहालय हे गृहीतक मोडतं, म्हणून ते मला महत्त्वाचं वाटतं. इथल्या नौका निवृत्त झालेल्या नाहीत. राजाच्या जलयात्रेसाठी त्या थोनबुरीतल्या या शेडमधून निघतात आणि बँकॉक नोई कालव्यावाटे चाओ फ्राया नदीत जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये अशी ५२ नौकांची यात्रा निघाली होती.

मराठी माणसाला इथली नावं समजावून सांगावी लागत नाहीत. 'सुफन्नाहोंग' म्हणजे सुवर्णहंस, 'अनंतनाकराज' म्हणजे अनंत नागराज. एका नौकेवर तर गरुडारूढ नारायणच आहे. ओळखीचे देव परदेशात भेटल्याच्या आनंदात आपण नौकांची फक्त पुढची टोकं बघत राहतो. मांडणीही तेच करायला लावते. सगळा भर सोन्यावर आणि कोरीवकामावर.

माझी तक्रार इथेच आहे. १९११ची सुफन्नाहोंग सुमारे ४६ मीटर लांब आहे, एकाच सागाच्या ओंडक्यातून कोरलेली. ती हलवायला ५० वल्हेकरी लागतात. गायकाच्या सुरावर त्यांची वल्ही एकदम उठतात, एकदम पडतात. ही शिस्त वगळली, तर उरतं ते लाकडी शिल्प. वल्हवणारे असतात नौदलाचे जवान, आणि त्यांचा सराव हाच या सोहळ्याचा कणा आहे. संग्रहालयात मात्र तो हंसाच्या मानेमागे झाकला जातो.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे खंड. १९३२च्या क्रांतीनंतर अनियंत्रित राजेशाही संपली आणि या यात्रा थांबल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत काही नौकांची मोडतोड झाली. राजा भूमिबोल यांच्या काळात, १९५७मध्ये, प्रथा पुन्हा सुरू झाली. नारायणाची आजची नौका तर १९९६ची, त्यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बांधलेली.

यामुळे परंपरा खोटी ठरत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुनी प्रणाली टिकते ती कुणीतरी रोज चालवतं, बिघडलेले भाग बदलतं म्हणून. ती पुन्हा चालू करायची की नाही, हा कुणाचा तरी निर्णय असतो. परंपरेचंही तसंच. तो निर्णय कुणी घेतला, का घेतला आणि त्यासाठी कोण घाम गाळतं, हे सांगितल्याने सोन्याची झळाळी कमी होणार नाही.

तिथे गेलात तर हंसाचं तोंड बघून झाल्यावर नौकेच्या कडेने मागे चालत जा. वल्हेकऱ्यांच्या रिकाम्या जागाही नीट बघा.