कासवाला कवचावर स्पर्श कळतो का? दोन सोपी उत्तरं आणि त्यांतल्या फटी

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं सगळीकडे ऐकायला मिळतात. एक : कवच म्हणजे आपल्या नखांसारखं, त्यात काही कळत नाही. दुसरं : कळतं की! पाठीवर ब्रश फिरवला की कासव कसं डुलतं ते व्हिडिओत बघा. दोन्ही उत्तरं कच्ची आहेत. ती कुठे कच्ची आहेत, हे संशोधनाची तयारी करताना जरूर तपासा.

आधी नखाची उपमा. ती फक्त वरच्या थरापुरती खरी आहे. कवचावरची खवलं केराटिनची, नखंही केराटिनची. पण खवलांच्या खाली जिवंत हाड आहे. पाठीकडचं कवच मुख्यतः बरगड्या आणि मणके मिळूनच बनतं. त्याला रक्तपुरवठा आहे, मज्जातंतू आहेत. म्हणजे उपमा एका थराची आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या कवचाचा! शिवाय स्वतःच्या नखावर टिचकी मारून बघा. नख निर्जीव असलं तरी खालच्या त्वचेला कळतंच ना?

दुसरं उत्तर जास्त फसवं आहे, कारण त्यात निरीक्षण आहे. इथे मॉर्टिन, कीफर आणि स्टाइन यांचा १९८५ चा अभ्यास वाचा. त्यांच्या कासवांचा मज्जारज्जू छेदलेला होता, म्हणजे मागच्या पायांचा मेंदूशी संपर्कच नव्हता. तरीही कवचावर ठरावीक जागी स्पर्श केला की मागचा पाय त्या जागेकडे वळून खाजवायचा. स्पर्शाची जागा बदलली की खाजवण्याची पद्धतही बदलायची. असे तीन प्रकार त्यांनी नोंदवले.

यातून दोन गोष्टी निघतात. कवचावरचा स्पर्श मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो, तोही जागेच्या माहितीसकट. म्हणजे ‘काही कळत नाही’ हे टिकत नाही. पण खाजवायला मेंदू लागला नाही, त्यामुळे नुसत्या हालचालीवरून ‘त्याला मजा येतेय’ असंही म्हणता येत नाही. अर्थात, धडधाकट कासवाला काहीच जाणवत नाही, असंही या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

हा शब्दांचा कीस नाही. ओळख पटावी म्हणून कासवाच्या कवचाच्या कडेला खाचा पाडण्याची पद्धत केगल यांनी १९३९ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. काही अभ्यासांत कवचाला भोकं पाडतात, तर काहींत सॅटेलाइट टॅग नुसता चिकटवतात. चिकटवणं आणि हाडापर्यंत भोक पाडणं सारखं नाही. पण डोक्यात ‘नख’ बसलेलं असेल, तर एथिक्स फॉर्मवर वेदनेच्या रकान्यात आपण ‘नाही’ लिहून मोकळे होतो.

म्हणून असा कुठलाही पेपर वाचताना वहीत तीन रकाने करा : संकेत पोहोचला का, प्रतिसाद आला का, अनुभव झाला का. पहिल्या दोन रकान्यांतला पुरावा तिसऱ्यात ढकलू नका. आणि तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्याचा अर्थ ‘वेदना नाही’ असा लावू नका. भोक पाडायचंच असेल, तर वेदनाशामकाची तरतूद आधी लिहा.