दुसरी भाषा कोणाची? : बीड जिल्ह्याच्या संदर्भात इंग्रजीच्या अध्यापनपद्धतींचे परीक्षण

१

इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी आपल्याकडे जे लेखन झाले आहे त्यात ‘दुसरी भाषा’ ही संज्ञा पदोपदी आढळते. ही संज्ञा वापरताना विद्यार्थ्याची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न सुटलेलाच आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील मराठी शाळेत बसलेल्या मुलाची पहिली भाषा मराठी, आणि म्हणून इंग्रजी ही दुसरी, असा हा सरळ हिशेब आहे. हा हिशेब बीड जिल्ह्याला कितपत लागू पडतो हे पाहावे, आणि त्याच्या कसोटीवर इंग्रजी शिकविण्याच्या प्रमुख पद्धतींचे मूल्यमापन करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणासाठी दोन कसोट्या घेतल्या आहेत. पहिली अशी : कोणतीही नवी भाषा विद्यार्थी आपल्या जवळच्या भाषेचा पूल ओलांडून शिकत असतो, तेव्हा विचाराधीन पद्धती कोणता पूल गृहीत धरते, आणि तो मुलाच्या पायाखाली खरोखर असतो काय? दुसरी कसोटी मायकेल वेस्ट ह्यांच्याकडून उसनी घेतली आहे. ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करीत असताना त्यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवर १९२६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात विम्याच्या व्यवहारातील एक कल्पना शिक्षणाला लावली. विमा मुदतीपूर्वी मोडला तर विमेदाराच्या हाती काही मूल्य पडते. तसेच विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडले तर त्याच्या पदरात काय राहते, ह्यावरून अभ्यासक्रमाची किंमत ठरवावी असे वेस्ट ह्यांचे म्हणणे होते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे वर्षाचा निम्मा काळ गाव सोडून जातात, त्या जिल्ह्याला ही कसोटी जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रदेशास लागू पडेल.

२

प्रथम पुलाचा इतिहास पाहू. पुण्या-मुंबईच्या मुलाने इंग्रजी शिकावयास आरंभ केला तो मराठीच्या आधाराने. बीडचे तसे झाले नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते. हैदराबादेस १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला व १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडले. आधुनिक शास्त्रे एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या विद्यापीठात इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवलेला होता. परंतु जे धोरण उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने स्वभाषेतून शिक्षण ठरत होते, तेच मराठी, तेलुगू व कन्नड घरांतील मुलांच्या दृष्टीने परभाषेतून शिक्षण होते. बीडच्या वा मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, मराठी मुलाला इंग्रजीकडे जाण्यासाठी आधी उर्दूचा पूल बांधावा लागे. इंग्रजी त्याची दुसरी भाषा नव्हती. ती तिसरी होती.

१९४८ नंतर शाळेत मराठी आली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला व १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. मराठी मुलावरील अन्याय दूर झाला, हे निःसंशय. तथापि अन्यायाचे स्वरूप कायम राहून केवळ त्याचे धनी बदलले काय, हे पाहणे आवश्यक आहे. जिल्ह्यात तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा समाजाची घरची भाषा गोरमाटी आहे. वडार कुटुंबांची बोली तेलुगूच्या कुळातली आहे. मुसलमान वस्त्यांतून दखनी उर्दू बोलली जाते. जे मूल घरी आईला ‘याडी’ म्हणते, त्याला ‘मदर म्हणजे आई’ असे सांगितले असता शिक्षकाने एक पायरी सांगितलेली असते, मुलाने मात्र दोन चढावयाच्या असतात. १९४० साली मराठी मुलाची जी स्थिती होती, तीच ह्या मुलाची आज आहे. मराठी माणसाने स्वतः भोगलेली ही अडचण त्याने दुसऱ्याच्या बाबतीत ओळखू नये, ही खेदाची गोष्ट होय.

३

आता पद्धतींकडे वळू. भाषांतरपद्धतीचा आपल्याकडील आदर्श म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीतून नियम सांगावयाचा, शब्द द्यावयाचे आणि मग दोन्ही दिशांनी वाक्यांचे भाषांतर करवून घ्यावयाचे, ही तिची रीत. पुढील काळातील पद्धतिकारांनी तिची थट्टा केली. तिच्यातील वाक्ये सुटी, संदर्भहीन असतात हा आक्षेप खराही आहे. तरी तिच्या एका गुणाकडे दुर्लक्ष झाले. विद्यार्थ्याजवळ आधीच एक भाषा आहे, हे ती प्रांजळपणे मान्य करते. इंग्रजीतील ‘हॅव’ ह्या एका क्रियापदाचे काम मराठी अनेक प्रकारे करते : ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘आमची विहीर आहे’. हा भेद शेजारी शेजारी मांडून दाखविला तर मूल तो पाच मिनिटांत समजते. न दाखविला तर वर्षानुवर्षे ठेचाळते.

पाठमालेचा खरा दोष निराळाच आहे. तिचा पूल शिष्ट मराठीचा आहे, आणि ज्याला ती मराठीच अजून परकी आहे त्याला हा पूल कधी कधी उलट आडवाटेला नेतो. एक उदाहरण पुरेसे होईल. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’ ह्या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत असे काही नाही. मराठी मुलाला येथे आपली सवय बाजूस ठेवावी लागते. पण दखनीच्या अनेक रूपांत ‘ने’ प्रत्यय गळतो व क्रियापद कर्त्याबरोबर चालते. ‘मैं रोटी खाया’ असे मुलगा सहज म्हणतो. ह्या एका बाबतीत त्याची बोली मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची आहे. त्याला आधी मराठीचे वळण घालून मग ते सोडावयास लावणे म्हणजे जवळची वाट असताना दूरच्या वाटेने नेणे होय. हाच मुलगा घरच्या धाटणीने मराठी वाक्य लिहितो, तेव्हा त्याचे मराठी अशुद्ध ठरते. आणि त्या अशुद्ध मराठीवरून तो इंग्रजीतही कच्चाच असणार, असा निष्कर्ष काढला जातो.

४

भाषांतरपद्धतीची प्रतिक्रिया म्हणून आलेल्या प्रत्यक्षपद्धतीने व तिच्यापुढच्या रचनापद्धतीने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडविला. किंबहुना तो पुसूनच टाकला. वर्गात स्वभाषा शक्यतो आणावयाचीच नाही. शिक्षक दाराकडे चालत जाऊन ‘आय ॲम वॉकिंग’ म्हणतो, मुले कृती पाहून अर्थ जाणतात, आणि सोप्याकडून कठिणाकडे लावलेल्या वाक्यरचना एकामागून एक घोकून पक्क्या करतात. १९५० नंतरच्या दशकात ह्या पद्धतीचा भारतात मोठा प्रसार झाला. १९५८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणास शास्त्रीय बैठक दिली. वरवर पाहता ही पद्धती बीडच्या बहुभाषी वर्गाला अधिक न्याय देणारी वाटते, कारण पूलच नसल्यामुळे सर्व मुले समान ठरतात.

परंतु दुसऱ्या कसोटीवर ती येथे टिकत नाही. रचनापद्धती म्हणजे शिडी आहे. विसावी रचना एकोणिसावीवर उभी असते. बीडमधील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. जे मूल आईबापांबरोबर फडावर जाते त्याच्या शिडीच्या मधल्या पायऱ्याच नाहीशा होतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात, ही इष्ट गोष्ट आहे. पण जी जातात त्यांच्यासाठी अभ्यासक्रमाने कोणती तरतूद केली? नोव्हेंबरात शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती ‘धिस इज अ पेन’ यासारखी दहावीस वाक्ये राहतात, ज्यांचा फडावर काहीच उपयोग नाही. वेस्ट ह्यांच्या भाषेत बोलावयाचे तर विमा मोडला आणि हाती शून्य आले.

वेस्ट ह्यांचा स्वतःचा भर वाचनावर होता, तो ह्याच कारणासाठी. थोड्या, निवडक शब्दांत लिहिलेले गोष्टीचे पुस्तक वाचण्याची शक्ती आली तर ती शाळेबाहेरही वाढू शकते. त्यांच्या नावाने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीमागे हीच दृष्टी आहे. आपण त्यांची शब्दांची यादी घेतली आणि मूळ विचार विसरलो.

५

१९७० नंतर संवादपद्धतीने व्याकरणाच्या शिडीऐवजी व्यवहारातील प्रसंग पुढे आणले. एन. एस. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात बंगलोर येथून दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, त्यात मुलांपुढे रचना न ठेवता विचार करावयास लावणारी कामे ठेवली : नकाशावरून वाट शोधणे, वेळापत्रकावरून हिशेब करणे. हा प्रयोग येथे अधिक उपयोगी ठरावा, कारण प्रत्येक काम स्वतःपुरते पूर्ण असते. एक चुकले म्हणून पुढचे अडत नाही.

परंतु पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली संवादपद्धती ह्याहून बरीच वेगळी आहे. तिच्यातील प्रसंगांबरोबर एक परकी संस्कृती निमूटपणे वर्गात येते. संवादातील मुलगा आईने पाणी दिले की ‘थँक यू’ म्हणतो. आपल्या खेड्यातील घरात असे म्हणणारे मूल आईला परके वाटेल. आपल्याकडे कृतज्ञता शब्दाने फेडण्याची वस्तू नाही, निदान घरात तरी नाही. विनंतीसाठी आपण ‘प्लीज’सारखा शब्द जोडत नाही; ‘पाणी देता का?’ ह्या क्रियापदाच्या रूपातच विनंती असते. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि हाच मुलगा इंग्रजीत उठताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणाला, तर त्याची चूक व्याकरणाची नसून सौजन्याची आहे, हे कोणी त्याला सांगत नाही. इंग्रजी रीत शिकवू नये असे येथे सुचवावयाचे नाही. ती ‘त्यांची’ रीत म्हणून, आपल्या रीतीशेजारी ठेवून शिकवावी. तसे न केल्यास मूल असे समजते की आपल्या घरी सभ्यता नाही. भाषा शिकविताना इतकी मोठी किंमत घेण्याचा अधिकार कोणत्याही पाठ्यपुस्तकाला नाही.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एका शिक्षकाला चार बोली कशा येणार? त्या येण्याची आवश्यकता नाही. ‘हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ एवढा प्रश्न विचारण्याची तयारी पुरेशी आहे. उत्तर देणारी मुले वर्गात बसलेलीच असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ग्रामीण पालकाला इंग्रजी हवे आहे, लवकर हवे आहे, आणि ही सगळी चर्चा त्याला ते नाकारण्याची सबब ठरेल. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले तेव्हा ह्या शंकेला आधार होता; शहरातील सधनांच्या मुलांना खाजगी वाटा मोकळ्याच राहिल्या. म्हणूनच २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा त्यामागील समतेची आकांक्षा खरी होती. परंतु इंग्रजी किती लवकर सुरू करावे, हा वाद अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालला; ते कोणत्या पुलावरून न्यावे, ह्या प्रश्नाकडे त्या मानाने फारसे लक्ष गेले नाही. आरंभ अलीकडे ओढल्याने पूल आपोआप बांधला जात नाही.

ह्या परीक्षणावरून निष्पन्न होते ते असे : बीडसाठी भाषांतरपद्धतीची तुलनेची दृष्टी घ्यावी, पण तुलना मुलाच्या घरच्या भाषेशी करावी, पाठ स्वतंत्र, आपापल्या जागी पूर्ण असे रचावेत व महत्त्वाचे भाग पुनःपुन्हा यावेत, म्हणजे एप्रिलात परतलेल्या मुलाला पुन्हा आत येण्यास दार सापडेल, आणि सोबत नेता येईल असे सोपे वाचन त्याच्या हाती द्यावे. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. संस्कृतातील तत्त्वज्ञान ऐकणाऱ्याच्या बोलीत सांगणाऱ्या ह्या परंपरेच्या भूमीत, शिकविण्याचा आरंभ शिकणाऱ्याच्या भाषेपासून करावा हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. त्या तत्त्वाचा लाभ तांड्यावरच्या व फडावरच्या मुलालाही मिळतो की नाही, ह्यावरच आपल्या इंग्रजीच्या अध्यापनाची परीक्षा व्हावयास हवी.