संमीलन अणुभट्टीतील पोलादाची झीज : एक चिकित्सक टिपण

सन १९५५ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी नियंत्रित केंद्रकीय संमीलनाची रीत दोन दशकांत सापडेल असे भाकीत वर्तविले. ते खरे ठरले नाही. मराठी विज्ञानलेखनात या विलंबाची मीमांसा बहुधा तापमानाच्या अंगाने होते. पंधरा कोटी अंश हा आकडा आला की लेखक व वाचक दोघेही स्तिमित होतात. चुंबकीय क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्मातील काही कण भिंतीवर आदळतातच आणि तिचे अणू उडवितात, ही बाब मात्र उपेक्षित राहते.

कल्पाक्कम, गांधीनगर व हैदराबाद येथील संस्थांनी विकसित केलेल्या भारतीय पोलादात सुमारे ९ टक्के क्रोमियम व १.४ टक्के टंगस्टन असते. मॉलिब्डेनम व नायोबियम टाळून टंगस्टन व टँटलम घेतले, ते न्यूट्रॉनांच्या माऱ्यानंतरचा किरणोत्सार लवकर ओसरावा म्हणून. झीज रोखणे हा मूळ हेतू नव्हे. तथापि अशा पोलादांवरील प्रयोगांत एक आनुषंगिक लाभ दिसून आला. ड्यूटेरियमचा हलका कण समोरासमोरच्या धडकेत लोहाच्या अणूला आपली फार तर १३ टक्के ऊर्जा देऊ शकतो, टंगस्टनच्या जड अणूला जेमतेम ४ टक्के. परिणामी लोह आधी उडते, टंगस्टन मागे उरते व झिजेचा वेग मंदावतो. मूळ पोलादातील हजार अणूंत टंगस्टनचे अणू चारच असतात, हे ध्यानात घेता ही गोष्ट विलक्षणच.

परंतु यावरून पोलाद आपले रक्षण आपणच करते असा निष्कर्ष काढणे प्रस्तुत लेखकास उतावीळपणाचे वाटते. ड्यूटेरियमची ऊर्जा सुमारे २०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे गेली की टंगस्टनही उडू लागते. अर्गॉनसारख्या जड कणास तर याहून कमी ऊर्जा पुरते. शिवाय प्लाझ्मात शिरलेले टंगस्टन किरणोत्सर्जनाने त्याला लोहापेक्षा अधिक थंड करते. म्हणजे कवच शाबूत असेतोवर उपकारक, उडाले की अधिक अपायकारक.

आमच्या अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात राईस मिलचे रबरी रोल झिजले की मिस्त्री ते बदलतो व काम पुढे सुरू होते. संमीलन भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यानंतर माणसाला आत जाता येत नाही; प्रत्येक फेरबदल दूरनियंत्रित यंत्रांनीच करावा लागतो. त्यामुळे नमुन्यावरील काही तासांच्या प्रयोगाचे निष्कर्ष वर्षानुवर्षे चालावयाच्या भिंतीस लावताना अधिक सावधगिरी हवी. फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पाच्या २०२४ च्या सुधारित आराखड्यात प्लाझ्मासमोरील भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन योजिले गेले. उघड्या पोलादावर तेथेही भिस्त ठेवलेली नाही.