मुक्या स्नेहाचें चरित्र

मुक्या जनावरावरील प्रेम, त्याच्या तोंडीं माणसाची भाषा न घालतां, ग्रंथांत उतरवितां येतें काय? लॉरा हिलेनब्रँड यांनीं ‘सीबिस्किट’ (२००१) या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याच्या चरित्रांत या प्रश्नास होकारार्थी उत्तर दिलें आहे.

दोन वर्षांचा असतांनाच पस्तीस शर्यतींत पळविलेला हा घोडा १९३६ सालीं टॉम स्मिथ या अबोल ट्रेनरच्या हातीं आला, तेव्हां तो थकलेला व चिडखोर होता. स्मिथनें त्यास मनसोक्त झोपूं दिलें. सोबतीस पम्पकिन नांवाचा शांत घोडा दिला. १९३८ सालीं वॉर ॲडमिरलशीं झालेल्या शर्यतीपूर्वीं घंटेसरशीं झेपावण्याची संवय लाविली. स्नेहाचा पुरावा लेखिकेनें अशा कृतींतूनच दिला आहे, आणि आमच्या मतें हेंच तिचें यश होय.

त्या वर्षीं वृत्तपत्रांनीं रूझवेल्टपेक्षांही या घोड्यास अधिक जागा दिली, हा आरंभींचा दावा मात्र आम्हांस अनावश्यक वाटतो. लोकप्रियता रकान्यांनीं मोजतां येईल, स्नेह नव्हे. पायाच्या गंभीर दुखापतीनंतर, वयाच्या सातव्या वर्षीं, १९४० सालीं सीबिस्किटनें सांता अनीताची शर्यत जिंकली. त्यास पुन्हां त्या योग्यतेस आणणारा स्मिथचा धीर ज्या पानांत दिसतो, तीं पानें आम्ही दोनदां वाचलीं.